परत आलेली मिरी

यतीन टिपणीसला मी अकरा वर्षं ओळखतो. इथे परदेशात, गुंगालिन उपनगरात, आमची घरं एकाच रस्त्यावर आहेत, त्याचं कोपऱ्यावर आणि माझं तीन घरं सोडून. तो मूळचा ठाण्याचा, कामाने टेस्टर. दुसऱ्यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर घ्यायचं आणि ते कुठे मोडतं ते शोधायचं. एका सरकारी खात्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं की दुसऱ्या खात्याचं. त्याच्या हाताखालून गेलेलं काम पुन्हा बिघडत नाही, असं त्याच्याबरोबर काम केलेले सगळे सांगतात. पण घरी आल्यावरही त्याचं टेस्टिंग थांबत नाही, आणि हे मात्र सगळ्यांना झेपत नाही.

चार वर्षांपूर्वी त्याच्या घरचा पाण्याचा वापर अचानक वाढला. शेजारच्या मिसेस पेट्राकिस त्याच्या नळाला होज लावतात, असं त्याच्या मनाने घेतलं. सहा आठवडे त्याने मीटरचे आकडे टिपले, कुंपणापाशी फोटो काढले आणि शेवटी त्या ऐंशी वर्षांच्या बाईंच्या दारात उभा राहून सरळ विचारलं. पाइप त्याच्याच लॉनखाली फुटला होता. त्याची बायको रुचा डेंटिस्ट आहे, कमी बोलते. तिने त्याला माफी मागायला पाठवलं आणि तो परत आल्यावर त्याच्याकडून वचन घेतलं: यापुढे कोणावर आरोप करायचा असेल तर आधी मला विचारायचं. ते त्याने पाळलं. पुढे जे झालं त्यात या वचनाचा मोठा हात होता.

शिकारीचा नाद त्याला सेहेचाळिसाव्या वर्षी लागला. ऑफिसमधल्या एकाचं यास गावाजवळ शेत होतं आणि सशांनी त्याचं अर्धं कुरण पोखरून टाकलं होतं. इथे ससा म्हणजे पिकाचा आणि जमिनीचा शत्रू. मारला तर शेतकरी वर चहा पाजतो. यतीन एकदा गेला, मग जातच राहिला. रीतसर लायसन्स काढलं, बंदुकीसाठी गराजमध्ये लोखंडी तिजोरी बसवली. टिपणीसांच्या घरात मटण-मासळीला कधी ना नव्हती, त्यामुळे सशाचा रस्साही रुळला. एक गोष्ट मात्र त्याला सहन होत नव्हती. जखमी झालेला ससा काटेरी जाळीत शिरतो, आपल्याला सापडत नाही आणि तिथे तासन्‌तास मरत पडतो. त्यासाठी कुत्रा हवा, असं त्याने ठरवलं.

कुत्रा निवडायला त्याने पाच महिने लावले. चार ठिकाणची पिल्लं पाहिली आणि चारही ठिकाणी काहीतरी लपवलं जातंय अशी त्याची खात्री झाली. एके ठिकाणी पिल्लांची आई दाखवली नाही, दुसरीकडे दाखवली पण ती आईच नव्हे असं त्याला वाटलं. पाचव्या खेपेला मला बरोबर घेतलं. क्रुकवेलच्या पुढे डग हॅनिगन नावाचा सत्तरीचा माणूस चाळीस वर्षं जर्मन पॉइंटर जातीची शिकारी कुत्री वाढवत होता आणि शिकवत होता. वास आला की ही कुत्री एक पाय उचलून पुतळ्यासारखी उभी राहतात आणि शिकार कुठे आहे ते नाकाने दाखवतात.

डगकडे दोन माद्या उरल्या होत्या. सख्ख्या बहिणी, दोघींचं डोकं तपकिरी आणि अंगावर काळपट ठिपक्यांची पखरण. त्यांतली एक तो स्वतःसाठी ठेवणार होता. यतीनने मागे उभं राहून किल्ल्या टाकल्या, कोणाचे कान हलतात ते पाहिलं. मासेमारीच्या काठीला कबुतराचा पंख बांधून गवतावरून फिरवलं. पिल्लं उताणी करून किती वेळ धडपडतात तेही मोजलं. डग खिशात हात घालून हे सगळं बघत होता. शेवटी यतीनने त्याला विचारलं, तू स्वतः कुठली ठेवशील?

"डावीकडची," डग म्हणाला. "पण तुला हवी असेल तर घेऊन जा."

गाडीत बसल्यावर यतीनने मला समजावून सांगितलं, की माणूस आपली चांगली वस्तू अशी बोट दाखवून देत नाही. डावीकडचीत काहीतरी खोट असणार आणि ती त्याला खपवायची असणार. म्हणून त्याने उजवीकडची घेतली. अंगावरचे ठिपके बघून त्याच्या मुलीने, ओवीने, तिचं नाव मिरी ठेवलं.

मिरीच्या शिक्षणाची त्याने एक्सेल शीट केली. 'सिट'ला किती सेकंद लागले, बोलावल्यावर कितव्यांदा आली, सगळं त्यात. ती जेवत असताना लांबून स्टीलचा डबा वाजवून, रोज थोडं जवळ येत, त्याने तिची मोठ्या आवाजाची भीती घालवली. सशाचं कातडं गुंडाळलेली उशी फेकून ती न चावता आणायला शिकवली. शिट्टीचा एक लांब सूर म्हणजे असशील तिथे बसायचं, हे तिला इतकं पक्कं झालं की रुचाच्या कुकरची शिट्टी झाली तरी मिरी स्वयंपाकघरात टुणकन बसायची. तीन शिट्ट्या, तीन बैठका. पाणी पिताना ती पुढचा उजवा पाय भांड्यात बुडवायची. ट्रॅमची घंटा तिला ओळखीची होती. स्टॉपवर ती शेपूट हलवत उभी राहायची, कारण ओवी शाळेतून तिथे उतरायची.

एकच गोष्ट जमेना. वास लागला की ती उभी राहायची, पण टिकायची नाही. दोन श्वास, की झेप. हे घरी सुधारणार नाही, असं डगने फोनवर सांगितलं. आठ आठवडे माझ्याकडे ठेव. ऑगस्टच्या सुरुवातीला, इथल्या ऐन हिवाळ्यात, यतीनने तिला तिकडे सोडलं. सोडताना दोन पानांचा करार नेला होता आणि दर आठवड्याला व्हिडिओ हवा अशी अट घातली होती. डगने सही केली, कागद न वाचता.

पहिले पाच व्हिडिओ जवळून काढलेले होते. सहाव्यात कुत्री लांब होती, सातव्यात त्याहून लांब. यतीनने ते मला दाखवले तेव्हा मी म्हटलं, कुरण मोठं आहे, कुत्री धावणारच. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी तो तिला घरी घेऊन आला.

ती विलक्षण तयार होऊन आली होती. पाठीमागच्या माळावर त्याने उशी लपवली, तर ती वासावर एक पाय उचलून उभी राहिली आणि तो सांगेपर्यंत, चार मिनिटं, हलली नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. यतीनने वाजवल्या नाहीत. संध्याकाळी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "ती मिरी नाहीये."

मला हसू आलं. त्याने बोटांवर मोजून सांगितलं: पाण्यात पाय घालत नाही. ट्रॅम आली तशी जमिनीला चिकटून बसली, जणू पहिल्यांदाच बघत होती. कुकरची शिट्टी झाली, तर बसायचं सोडून टेबलाखाली पळाली. डगला त्याने फोन केला होता. डग म्हणाला होता की दोन महिन्यांत कुत्रं मोठं होतं, खोडी सुटतात, आणि आता ती खरी शिट्टी ओळखते. जुन्या फोटोंवरून काही ठरेना, कारण या जातीचे ठिपके वयाबरोबर वाढत जातात.

प्रत्येक मुद्द्याला उत्तर होतं. ओवीने "डॅड, स्टॉप इट" म्हणून विषय संपवला, पण ती स्वतः कुत्रीजवळ पूर्वीसारखी झोपत नव्हती, हेही यतीनने टिपलं होतं. मिरीच्या खांद्यांच्या मधोमध कातडीखाली, सगळ्या कुत्र्यांना इथे बसवतात तशी, नंबर असलेली मायक्रोचिप होती. व्हेटकडे नेऊन ती वाचली की एका मिनिटात निकाल लागला असता. त्याने रुचाला विचारलं. रुचा म्हणाली, चिप वाचणं म्हणजे त्या म्हाताऱ्याला चोर म्हणणं. पाण्याच्या मीटरपासून तू काहीच शिकला नाहीस का?

त्याने चिप वाचली नाही. पण त्या दिवसांत त्याचं कुठेच लक्ष नसायचं. तळ्याकाठी फिरायला जाताना तो कुत्रीच्या पुढे न चालता मागून, तिला निरखत चालायचा. मला म्हणाला, "इतकी चांगली कुत्री माझी असूच शकत नाही." हे बोलताना त्याला स्वतःचीच शंका येत होती, ते दिसत होतं. आपलं डोकंच तर बिघडलं नाही ना, असंही त्याने एकदा मला विचारलं.

तीन आठवडे असे गेले. मग एका रविवारी रुचा ओट्यापाशी भाजी चिरत असताना कुत्रीने जांभई दिली. रुचाने सुरी खाली ठेवली. खाली बसून तिने दोन्ही हातांनी तिचं तोंड उघडलं आणि खालचा ओठ अंगठ्याने ओढून बराच वेळ पाहिलं. मिरीचे पक्के दात आले तेव्हा खालचा पुढचा एक दात वाकडा, शेजारच्यावर चढलेला होता. तो रुचानेच घरच्यांना दाखवला होता आणि हिला ब्रेसेस लावू या म्हणून हसली होती. आता समोरचे सहाही दात सरळ रांगेत होते. रुचाने हात धुतले, पुसले.

"उद्या चिप वाचून आण," ती म्हणाली.

चिपचे शेवटचे चार आकडे वेगळे निघाले.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघं कुत्रीला घेऊन डगकडे निघालो.  फाटकातून आत जाऊन गाडीचं दार उघडलं मात्र, कुत्रीने उडी मारली, अंगण ओलांडलं आणि कुत्र्यांसाठी बांधलेल्या रांगेतल्या तिसऱ्या खोपटात जाऊन, आतल्या गोणपाटावर गोल फिरून बसली. डग व्हरांड्यात उभा होता. त्याने ते पाहिलं, आम्ही पाहिलं, आणि विचारण्यासारखं काही उरलं नाही.

"मला वाटलं होतं चार दिवसांत येशील," डग म्हणाला. "महिना लागला तुला."

"ती कुठे आहे?"

मिरी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मेली होती. खाली ओढ्याकाठी साप चावला, ब्राउन स्नेक, असं त्याने सांगितलं. तिला गाडीत घालून तो शहराकडे निघाला, पण ती वाटेतच गेली. मग त्याने तिची बहीण, स्वतःसाठी ठेवलेली जून नावाची कुत्री, मिरी म्हणून दिली. त्याच्याकडे तिच्यापेक्षा चांगली कुत्री नव्हती. गेल्या दहा वर्षांत झाली नव्हती.

यतीनने विचारलं, फोन का नाही केलास?

डग म्हणाला, "तू तिला सोडायला आलास तेव्हा तुझ्या कागदात लिहिलं होतं, की कुत्री मेली तर माझी चूक नव्हती हे मी सिद्ध करायचं. सही करताना वाचलं नव्हतं. ती मेल्यावर वाचलं. मेट, तू मला आधीच दोषी ठरवून गेला होतास."

त्याने आम्हाला ओढ्याच्या वरच्या बाजूला, एका निलगिरीच्या झाडाखाली नेलं. दगड रचलेले होते. यतीन उकिडवा बसला, एका दगडावरची माती हाताने झाडली. जूनला परत घे, असं तो म्हणाला, तर डगने मान हलवली. दिलेली परत घेणार नाही, एवढं तरी मला करू दे. निघताना जून खोपटातून बाहेर यायला तयार नव्हती. डगनेच तिला उचलून आमच्या गाडीत ठेवलं आणि मागे न बघता घरात गेला.

परतीच्या वाटेवर गनिंग गावाजवळ आल्यावर यतीन पहिल्यांदा बोलला. फाटकावरची पाटी वाचलीस का, त्याने विचारलं. मी वाचली नव्हती. कोल्ह्यांसाठी विषारी मांस टाकल्याची ती पाटी होती, ऑगस्ट-सप्टेंबरच्या तारखांची. मेंढ्या विताना कोल्हे कोकरं उचलतात, म्हणून इकडचे शेतकरी टेन-एटी नावाचं विष घातलेले मांसाचे तुकडे पुरतात. कुत्र्यांना ते कोल्ह्यांइतकंच लागतं आणि त्यावर उतारा नाही. घरी पोचल्यावर त्याने त्या आठवड्याचं हवामान काढून माझ्यासमोर धरलं. सातही सकाळी तापमान शून्याखाली, दुपारी नऊच्या वर नाही, एक दिवस बर्फासारखा पाऊस. अशा थंडीत साप बिळाबाहेर येत नाही.

मी म्हटलं, मग विचार त्याला. रुचाही तेच म्हणाली. या वेळी तिनेच परवानगी दिली. यतीन म्हणाला, "विचारलं तर तो पुन्हा साप म्हणेल. मला ते दुसऱ्यांदा ऐकायचं नाही."

पाच आठवडे त्याने फोन केला नाही. जूनला तो सांभाळत होता, शिकवलेलं विसरू नये म्हणून रोज माळावर नेत होता. ओवी मिरीसाठी रडली आणि मग जूनच्या आसपास फिरकेनाशी झाली. त्याचा डगवरचा राग कमी होतोय असं मला वाटत नव्हतं. तो वाट बघत होता.

डिसेंबरच्या एका सकाळी मी त्याच्याकडे बसलो होतो. तो जूनच्या कानातली गवताची कुसळं चिमट्याने काढत होता. फोन वाजला, हात अडकलेले म्हणून त्याने स्पीकर लावला. डग होता. हवामानाबद्दल दोन वाक्यं बोलला आणि मग म्हणाला, "साप नव्हता."

"माहीत आहे," यतीन म्हणाला. "थंडी होती."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलतोस का, ते बघत होतो."

 मग डगने सांगितलं. मांसाचे तुकडे त्याने स्वतःच लावले होते, वरच्या कुरणात, ओढ्यापासून लांब. मुदत संपल्यावर उकरून गोळा केले. एक कोल्ह्याने नेऊन ओढ्याकाठी टाकला असावा. कुत्र्यांना त्या दिवसांत तोंडाला जाळी बांधायची असते. तो बांधतही होता. त्या दिवशी मिरी पहिल्यांदा वासावर टिकून उभी राहिली होती, म्हणून खुशीत त्याने तिची जाळी काढली आणि तिला मोकळं धावू दिलं. नंतर ती दोन तास सैरावैरा पळत, ओरडत होती. त्याला तिला पकडताही आलं नाही.

यतीनचा चिमटा हवेत थांबला होता. मला वाटलं आता तो फोन बंद करेल. त्याने विचारलं, "किती लावले होते?"

"दहा."

"मिळाले किती?"

"आठ."

"एक मिरीने खाल्ला. मग अजून एक कुठे आहे?"

 कोल्ह्याने खाल्ला असेल, डग म्हणाला. असेल, यतीन म्हणाला, पण नसेल तर? तुझ्याकडे आठ कुत्री आहेत आणि ओढ्याच्या पलीकडे शेजाऱ्याचं घर आहे. पावसाने विष धुऊन गेलं असेल यावर त्याचा विश्वास नव्हता. मधले महिने कोरडे गेले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं ओढ्याकाठी होतो. जूनला रुचाकडे ठेवलं होतं. डगने आपली सगळी कुत्री कोंडून घातली होती आणि शेजाऱ्यालाही कळवलं होतं; यतीनने आधी तेच विचारून घेतलं. त्याने दोऱ्या आणि खुंट्या आणल्या होत्या. दहा-दहा पावलांचे चौकोन आखून आम्ही दाताळ्याने पालापाचोळा ओढत एकेक चौकोन संपवत गेलो. कोल्हा उरलेलं अन्न उथळ पुरतो, कुठे पुरतो ते डगला ठाऊक होतं: पडलेल्या ओंडक्यांच्या कडेला, मुळांच्या बेचक्यात. तो जागा दाखवायचा, यतीन ती तपासायचा आणि तिच्या आजूबाजूच्या, डगने न दाखवलेल्या जागाही तपासायचा.  पहिला दिवस रिकामा गेला. आम्ही क्रुकवेलच्या मोटेलमध्ये राहिलो आणि सकाळी परत आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी, एकविसाव्या चौकोनात, उन्मळून पडलेल्या झाडाच्या मुळाखाली यतीनच्या दाताळ्याला काहीतरी लागलं. सुकून चामड्यासारखा झालेला मांसाचा तुकडा होता. डगने हातमोजे घालून तो उचलला आणि यतीनने डबा त्याच्या हाताखाली धरला. खोल खड्डा खणून त्यांनी तो पुरला. खणायचं काम दोघांनी आळीपाळीने केलं. मग डग ओंडक्यावर बसला आणि तोंडावर टोपी धरून रडला. यतीन त्याच्या शेजारी बसला. खांद्यावर हात वगैरे ठेवला नाही, नुसता बसला.

तक्रार करायची का यावर घरी वाद झाला. रुचाचं मत होतं, करावी. यतीनने शेवटी केली नाही, पण डगकडून दोन गोष्टी कबूल करून घेतल्या: कुत्री असतील तोवर ओढ्याच्या बाजूला विष लावायचं नाही, आणि शिकायला येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याच्या मालकाला मिरीचं काय झालं ते सांगायचं. कागद वगैरे केला नाही. डग सांगतो की नाही हे बघायला त्याने मार्चमध्ये मलाच, कुत्रं शिकायला ठेवणारं गिऱ्हाईक म्हणून, फोन करायला सांगितलं होतं. मी नकार दिला. त्याने दुसऱ्या कोणाकडून तरी करवला असणार, कारण एप्रिलमध्ये तो आपणहून म्हणाला की डगकडे शिकारीला जाऊ या.

ओढ्याला थोडं पाणी आलं होतं. डगने आदल्या दिवशी सगळा काठ फिरून पाहिला होता, तसं त्याने सांगितलं. यतीनने ऐकून घेतलं आणि जूनच्या तोंडाला जाळी बांधली. पहिला तास ती तशीच चालली. मग पलीकडच्या काठावर ती थबकली, एक पाय वर. ससा उठला, यतीनने गोळी झाडली, ससा कोलांटी खाऊन काटेरी झुडपात शिरला. जखमी होता. जून जागची हलली नाही, पण तिचं सगळं अंग कापत होतं आणि ती यतीनकडे बघत होती. जाळी बांधलेल्या तोंडाने तिला ससा आणता आला नसता.

यतीनने डगकडे पाहिलं.  मग यतीनने वाकून पट्टा सोडला, जाळी काढून हातात धरली आणि तिला जायला सांगितलं. ती झुडपात दिसेनाशी झाली. शिट्टी दातांत धरून तो उभा होता. मी त्याला इतका स्तब्ध कधी पाहिला नव्हता. दीडेक मिनिटाने ती पाण्यातून परत आली, समोर बसली आणि ससा त्याच्या हातात दिला. त्याने ससा डगकडे दिला, तिचं तोंड उघडलं, जिभेखाली आणि गालांत बोट फिरवून पाहिलं, वास घेतला. मग तिच्या मानेवर एकदा थोपटलं आणि जाळी पुन्हा बांधली.